मी बहात्तर टक्क्यांवरच का अडायची

मी बोलतेय ती अंकिताच्या संगणकाच्या पोटातून. तुम्ही संगणकाचा पडदा पुसता, कळफलक बडवता, माउस रागानं आपटता, पण मला तुम्ही कधी बघितलेलं नसतं. दोन बोटं रुंद आणि वीतभरापेक्षा आखूड अशी मी एक हिरवी पट्टी. अंगावर आठ काळ्या चिपा आणि खालच्या काठाला सोन्याचा मुलामा दिलेले बारीक दात. मला रॅम म्हणतात. अंगावर सोनं असूनही जन्म अंधाऱ्या डब्यात काढायचा, हे माझं नशीब.

माझं काम सोपं करून सांगते. स्वयंपाकाचं सामान कपाटात असतं, पण भाकरी करायची तर पीठ, पाणी, परात ओट्यावर काढावं लागतं. कपाट म्हणजे डिस्क आणि ओटा म्हणजे मी. ओटा जेवढा ऐसपैस, तेवढा मोठा पसारा मांडता येतो. म्हणून माझ्या शेजारच्या खाचेत माझ्यासारखीच एक जोडीदारीण बसलेली असते. आम्हा दोघींच्या ओट्यावर अंकिता काम करते.

आता तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, अहो, वीज गेली की रॅम सगळं विसरते, मग ही बया आत्मवृत्त कसं सांगतेय? खरं आहे. पण अंकिताची आई राहीबाई माझी कहाणी रोज कुणाला ना कुणाला फोनवर सांगत असते, तीही संगणकाला खेटून बसून, स्पीकर लावून. तिचं माहेर कर्नाटकातलं, त्यामुळे तिचे पाहुणे दोन राज्यांत पसरलेले आहेत आणि प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. दर वेळी गोष्ट थोडी लांबते. मी त्यातलं पटेल तेवढं घेतलंय.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही ठाऊक नाही आणि राहीबाईलाही नाही. आम्ही दोघी एकाच पाकिटातून सांगलीला आलो आणि लग्नाचे व्हिडिओ बनवणाऱ्या एका स्टुडिओतल्या संगणकात बसलो. किती लग्नं माझ्या अंगावरून गेली, गणती नाही. नवरा-नवरी कृष्णेच्या घाटावर पळताहेत, नवरी मागे वळून बघतेय, पुन्हा पळताहेत. माणसं एवढी का पळतात आणि तीही इतकी सावकाश, हे मला कधी कळलं नाही.

त्या संगणकावर बसायची ती अंकिता. जतकडच्या एका वाडीतल्या धनगराची लेक. चार वर्षं ती स्टुडिओत काम शिकली. मग स्टुडिओनं नवी यंत्रं घेतली तेव्हा तिनं हा जुना संगणक मागून घेतला आणि गावी परत निघाली. सांगलीत शाहनवाज नावाचा दुरुस्तीवाला होता, संगणकांच्या आजारांवर हात बसलेला माणूस. त्यानं यंत्र खोलून, पुसून तिच्या हवाली केलं आणि म्हणाला, "बिघडलं तर फोन कर. पण स्वतः हात लावायला शीक. वाडीत मी न्हाई यायचो."

ती परत का निघाली, ते आता सांगते. सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

अंकिताचा बाप धुळा गडदे हा वाडीच्या गजी मंडळाचा म्होरक्या. गजी म्हणजे धनगरांचा नाच. मध्ये ढोल आणि कैताळ म्हणजे मोठ्या झांजा, भोवती फेटे बांधलेले गडी, दोन्ही हातांत रुमाल. आधी संथ पावलं, मग वेग वाढत वाढत शेवटी अशी घाई येते की माणूस दिसत नाही, रुमालच दिसतात. धुळा साठीला आला होता आणि मंडळातले तरणे गडी गळायला लागले होते. कुणी जेसीबीवर गेला, कुणी टँकरवर. उरले होते बरोबर अठरा, आणि त्यातलेही चारजण "आवं, बघतंय कोन आता गजी?" असं तोंडावर विचारायचे.

त्याच सुमारास राज्याच्या एका लोककला मेळ्यासाठी पथकं निवडणार असल्याची बातमी आली. अकरा मिनिटांचा व्हिडिओ महिन्याअखेरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजायच्या आत पाठवायचा होता. धुळ्यानं देवळापुढं सगळ्या अठराजणांच्या देखत सांगून टाकलं, "ह्या साली आपली गजी निवडली तर ठीक. न्हाईतर मी ढोल आढ्याला टांगतो. मग कुनी मला नाच म्हनायचं न्हाई."

धुळा बोलला की फिरवत नाही, हे वाडीला माहीत होतं. अंकितालाही माहीत होतं. म्हणून ती आली.

तिनं माळावर दोन दिवस गजी चित्रित केली. रिंगणात बायकांनी उतरायचं नसतं, त्यामुळे कॅमेरा घेऊन ती बाहेरूनच गोल गोल पळत होती. राहीबाईच्या म्हणण्यानुसार नाचणाऱ्यांपेक्षा तीच जास्त दमली. घरी येऊन तिनं सगळं चित्रण डिस्कमध्ये भरलं आणि आमचं काम सुरू झालं.

आम्ही घरात आलो त्या दिवसाचं स्वागत ऐका. जतकडची उन्हं तुम्हाला माहीत असतील. पत्र्याच्या खोलीत संगणक तापून बंद पडेल म्हणून अंकितानं त्याच्या डब्याचं बाजूचं झाकण काढून ठेवलं आणि समोर टेबलफॅन लावला. वारा थेट आमच्या अंगावर. आता रोज उजेड बघायला मिळणार म्हणून मी खूश झाले. तेवढ्यात धुळा आत आला. नवी वस्तू घरात आली की तिच्यावर बिरोबाचा भंडारा उधळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. बैलगाडी असो, शेळी असो, नाहीतर सून असो. कमरेच्या पिशवीतून त्यानं मूठभर पिवळीधमक हळद काढली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणत मोकळ्या हातानं उधळली आणि टेबलफॅननं ती इमानेइतबारे आमच्यापर्यंत पोचवली.

मला शिंक येत असती तर तेव्हाच आली असती.

आठवडाभर यंत्र झकास चाललं. मग एका सकाळी अंकिता रुमालांचे रंग उजळत होती आणि पडदा एकदम निळा पडला. त्यावर वाकड्या तोंडाची एक खूण आली. यंत्र बंद, पुन्हा चालू. तासाभरानं पुन्हा निळा. धुळा मागे उभा होता. तो म्हणाला, "आगं, ह्यो तोंड वाकडं करून का बसतुया सारखा?"

"मेमरीत कायतरी झालंय आबा," अंकिता म्हणाली. पडद्यावर तसंच काहीसं लिहून येत होतं.

झालं. मेमरी म्हटलं की बोट माझ्याकडे. मी आणि जोडीदारीण गुपचूप बसून राहिलो, पण मनातून हादरलो होतो. यंत्रांच्या जगात आमच्यासारख्यांची दुरुस्ती करत नाहीत. काढतात आणि फेकून देतात.

दुसऱ्या दिवशी अंकितानं संगणक घोंगड्यात गुंडाळला, मांडीवर घेतला आणि एसटीत बसली. कवठे महांकाळ, मिरज करत आम्ही सांगलीला शाहनवाजच्या टेबलावर उतरलो. घोंगडं बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"लोकरीत आणलंस व्हय? लोकर घासली की वीज तयार होती. बोटातनं एक ठिणगी गेली की रॅम खलास. तुमच्या घरात हे घोंगडं ह्याच्या जवळ असतंय?"

"आबा त्याच्यावरच बसतात की, शेजारी," अंकिता म्हणाली.

"मग शोधायचं काय राहिलं?" शाहनवाज म्हणाला. त्यानं आम्हा दोघींना खाचेतून उपसलं, टेबलावर पडलेल्या काळ्याकुट्ट खोडरबरानं आमचे दात घासले, फुंकर मारली आणि परत बसवलं. दोन तास चाचणी लावली. एकही चूक निघाली नाही. दुखरा दात डॉक्टरांच्या दारात गप्प व्हावा, तसं आमचं झालं. आम्ही सुटलो आणि आरोप घोंगड्यावर गेला.

घरी आल्यावर हे ऐकून धुळ्याला झोंबलं. "आमच्या सात पिढ्या घोंगड्यात वाडल्या. कुनाला ठिनगी लागली न्हाई. ह्या डब्याला बरी लागली." पण लेकीच्या शब्दाखातर त्यानं घोंगडं उचलून बाहेरच्या खाटेवर नेलं आणि खोलीत फरशीवर बसायला लागला. यंत्र सुरू झालं, चाललं. धुळ्याचा राग तिथंच विरघळला. देवानं ऐकलं म्हणून त्यानं पुन्हा मूठ भरली आणि चांगभलं म्हणत उधळली. टेबलफॅन होताच.

चार दिवसांनी निळा पडदा.

या वेळी शाहनवाज फोनवर म्हणाला, "दोन्ही पट्ट्या काढ, परत घट्ट बसव. कधी कधी नुसत्या हलल्या तरी अडतात." अंकितानं तसं केलं. यंत्र चालू झालं. धुळ्यानं आनंदानं मूठ भरली. यावेळी जरा जास्तच, कारण शुक्रवार जवळ आला होता.

तुमच्या लक्षात आलं असेल. त्या घरात कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, कारण हळद पिवळी आणि माझे दातही पिवळे. सोन्यावर हळद बसली तर दिसणार काय?

गुरुवारी संध्याकाळी व्हिडिओ पुरा झाला. आता फक्त सगळे तुकडे एकत्र करून एक अखंड फाइल करायची होती. पडद्यावर टक्के वाढत जातात, शंभर झाले की फाइल तयार. दीड तासाचं काम. बहात्तर टक्क्यांवर घाईचा भाग येतो, म्हणजे अठरा गडी, गरगरणारे रुमाल आणि खाली उडालेली धूळ. तेव्हा आम्हा दोघींना जीव खाऊन काम करावं लागतं. आणि बरोबर तिथंच पडदा निळा झाला.

शुक्रवारी सकाळी पुन्हा लावला. पुन्हा बहात्तर. पुन्हा निळा.

साडेअकरा वाजले होते. फाइल व्हायला दीड तास, आणि वाडीतल्या मोबाइलच्या रेंजवर ती वर चढायला दुसरा तास-दीड तास. अंकितानं मनात हिशेब घातला आणि तिचा चेहरा उतरला. राहीबाईनं चहा आणून ठेवला तो तसाच साय धरून गार झाला. दाराबाहेर मंडळातले पाच-सहाजण येऊन बसले होते. कुणी जागेवरून उठत नव्हतं.

शाहनवाज फोनवर म्हणाला, "एक पट्टी गेली असणार. बदलायला लागंल. मी नवी पाठवतो, सोमवारी मिळंल."

"सोमवारी काय करू त्याचं?" अंकिता म्हणाली.

पलीकडे शाहनवाजनं खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "मग आपुन चोर पकडू. एका वेळेला एकच गोष्ट बदलायची. एक पट्टी, एक खाच. घाई करू नकोस. काय दिसतंय ते मला सांगत जा."

आता माझी उलटतपासणी सुरू झाली. मला एकटीला पहिल्या खाचेत बसवलं. यंत्र सुरू झालं आणि दहा मिनिटांत कोसळलं. अंकितानं माझ्याकडे अशी नजर टाकली की माझ्या आठही चिपा गारठल्या. मला काढून स्टीलच्या ताटलीत ठेवलं. जोडीदारीण त्याच खाचेत गेली. तीही दहा मिनिटांत कोसळली.

"दोघी एकदम खराब?" शाहनवाज म्हणाला. "असं शक्यतो होत न्हाई. पहिलीला दुसऱ्या खाचेत घाल बघू."

पहिली म्हणजे मी. मला दुसऱ्या खाचेत बसवलं. यंत्र सुरू झालं, चाचणी सुरू झाली. दहा मिनिटं. वीस मिनिटं. एक चूक नाही. मग जोडीदारणीला त्याच खाचेत घातलं. तीही निर्दोष.

"आगं पोरी," शाहनवाज फोनवर ओरडलाच, "पट्ट्या ठणठणीत हायत. पहिली खाच खराब हाय. इतके दिस आपुन चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण लोक नाचणाऱ्याला हिणवायला वापरतात. माझ्या बाबतीत अंगण खरोखरच वाकडं होतं. पण तेव्हा मला हसू आलं नाही. खाच मोडली असेल तर दोघींपैकी एकीलाच बसता येणार होतं, आणि एकीच्या ओट्यावर एवढे रुमाल मावत नव्हते. साडेबारा वाजून गेले होते.

"स्वच्छ खोडरबर हाय का?" शाहनवाजनं विचारलं. "दात आणखी एकदा घास. मग खाच बघू."

राहीबाई वाडीतल्या दुकानातून नवंकोरं पांढरं खोडरबर घेऊन आली. अंकितानं मला खिडकीपाशी धरलं आणि दात घासले. मग खोडरबराकडे बघितलं आणि तिथंच थांबली. अशा वेळी खोडरबर काळं पडतं. हे पिवळं पडलं होतं.

तिनं ते नाकाशी नेलं. मग दुसऱ्या खाचेकडे बघितलं, मग पहिलीकडे. पहिली खाच झाकणाच्या बाजूला, फॅनच्या वाऱ्यात. तिनं टाचणीनं खाचेची कड कोरली. टाचणीच्या टोकाला पिवळी पूड आली, घामट हवेनं किंचित चिकट झालेली.

धुळा उंबऱ्यात उभा होता. त्याचा एक हात कमरेच्या पिशवीवर होता, कारण आता यंत्र सुरू झालं की तो मूठ भरणारच होता. अंकितानं खोडरबर चटकन मुठीत लपवलं.

"काय घावलं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई आबा. धूळ हाय."

"बघू."

"धूळच हाय."

धुळ्यानं तिची मूठ उघडली. खोडरबर बोटांत धरलं, वास घेतला. "साठ वर्सं भंडारा कपाळाला लावतोय. वळकत न्हाई व्हय मी?" असं म्हणून तो आमच्या उघड्या डब्याकडे, टेबलफॅनकडे आणि मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. तीन वेळा उधळला होता. तीन वेळा यंत्र बंद पडलं होतं. पिशवी सोडून त्यानं खुंटीला अडकवली आणि बाहेर जाऊन खाटेवर बसला.

अंकिता त्याच्या मागं गेली. राहीबाई हा भाग सांगताना नेहमी आवाज खाली आणते.

"मीच आडवा आलो माझ्या गजीला," धुळा म्हणाला.

"आबा, मेंढरू आजारी पडलं की तुमी काय करता?"

"दवा पाजतो. आन् देवाला सांगतो."

"दवा कुठं पाजता?"

"तोंडात."

"आन् भंडारा?"

"कपाळाला." धुळ्यानं बोट कपाळाला टेकवलं. "घशात न्हाई घालत."

"मग ह्याच्या घशात का घातला?"

धुळ्यानं तिच्याकडे बघितलं. आधी त्याच्या मिशा हलल्या, मग खांदे, मग सगळा माणूस हसायला लागला. बाहेर बसलेल्या गड्यांना काही कळेना, पण म्होरक्या हसतोय म्हणून तेही हसले. मला विचाराल तर त्या घरातला सगळ्यात मोठा अडथळा त्या क्षणी दूर झाला. खाच साफ करणं पुढचं काम.

"जनावर चांगलं हाय, बसायची जागा घान हाय," धुळा उठत म्हणाला. "मेंढरं बसवायच्या आदी रान झाडून घ्यावं लागतं. आन गं माझा दाढीचा ब्रश."

राहीबाईनं उन्हात वाळत पडलेला ब्रश आणला. शाहनवाज फोनवरून सांगत होता, सगळी वीज काढा, खाचेत जोर देऊ नका, हळू हळू बाहेरच्या दिशेनं झाडा. पण धुळ्याला हे सांगायची गरज नव्हती. जन्मभर त्यानं मेंढरांच्या कानातल्या गोचड्या काढल्यात, मेंढराला न दुखवता. तोच हात त्या बोटभर खाचेत चालला. अंकिता मोबाइलचा उजेड धरून उभी होती. पूड निघत गेली, अगदी चिमूटभर. एवढ्याशा हळदीनं अख्खी गजी अडवून धरली होती. शेवटी धुळ्यानं खाचेत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "आता बसव तुज्या पोरींना."

आम्हाला पोरी म्हणणारा तो पहिलाच माणूस. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

दोघी आपापल्या खाचेत गेलो. डब्याचं झाकण लावलं. वीज आली. एक वाजून दहा मिनिटांनी अंकितानं बटण दाबलं आणि टक्के चढायला लागले.

साठ झाले. पासष्ट झाले. बाहेरचे गडी एकेक करून आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. सत्तर. रुमाल यायला लागले, लाल, पिवळे, हिरवे, माझ्या अंगावरून धो धो. जोडीदारीण आणि मी मिळून ते झेलत होतो. एकाहत्तर. बहात्तर. खोलीत टेबलफॅनशिवाय कशाचा आवाज नव्हता. मला तर ढोल ऐकू येत होता, कारण तो माझ्यातूनच जात होता. माझ्या वाट्याला आलेल्या सगळ्या लग्नांत मी एवढी नाचले नव्हते.

त्र्याहत्तर.

राहीबाई म्हणते, त्र्याहत्तर आकडा दिसला तेव्हा धुळ्यानं भिंतीला पाठ लावली आणि हळूहळू खाली बसला. तिला वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती, तो हसत होता.

पावणेतीनला फाइल झाली. मग ती मोबाइलवरून चढवताना राहीबाई स्वतः छपरावर फोन धरून उभी राहिली, कारण तिथं रेंज येते. चार वाजून वीस मिनिटांनी "मिळाली" असा निरोप आला. धुळ्यानं खुंटीवरची पिशवी काढली. सगळे बघत होते. त्यानं चिमूटभर भंडारा घेतला आणि अंकिताच्या कपाळाला लावला. झाकण बंद असलेल्या डब्याला त्यानं नुसते हात जोडले, तेही दोन हात लांबून.

महिन्याभरानं, म्हणजे आज सकाळी, फोन आला. वाडीची गजी निवडली गेली आहे. राहीबाईनं "हौदा?" असं तीनदा विचारलं. खरं का, असं तिला विचारायचं होतं, पण आनंदात तिला माहेरचीच भाषा सुचते. बाहेर आत्ता ढोल वाजतोय. गळायला निघालेले ते चौघेच सगळ्यात जोरात नाचताहेत, असं ऐकतेय.

मी मजेत आहे. माझ्यावर आता झाकण असतं, पुन्हा अंधार आला, पण अंधाराची मला सवय आहे. टेबलफॅन धुळ्याकडे वळवलाय आणि तो शेजारी त्याच्या घोंगड्यावर बसलाय, फक्त डब्याला चिकटू नये एवढं अंतर राखून. तुम्हा सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमचं यंत्र सारखं कोसळायला लागलं, तर माझ्यासारखीला उचलून उकिरड्यावर टाकू नका. आधी ती कुठं बसली आहे ते बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि जीव लावून आपण स्वतःच तिच्यावर काही उधळत तर नाही ना, तेही बघा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता मला थांबायला हवं, कारण अंकिता कामाला बसली आहे. मेळ्याकडून फॉर्म आलाय. पथकातल्या सगळ्यांची नावं आणि प्रत्येकाचं काम, असे दोन रकाने. धुळा सांगतोय, अंकिता भरतेय. ढोल, कैताळ, मग नाचणारे. अठरा नावं झाली. तिनं खालची ओळ पुसायला घेतली.

"थांब," धुळा म्हणाला. "एकोनिसावं नाव ऱ्हायलं."

"अठराच असतेत की आबा."

"लिही म्हनतोय न्हवं. अंकिता धुळा गडदे."

तिची बोटं कळफलकावर तशीच राहिली. "मी कुठं रिंगनात असते?" ती म्हणाली. "आन् शेजारच्या रकान्यात काम काय करते ते लिवायला लागतंय. तिथं काय लिहू?"

धुळ्यानं जरा विचार केला. "लिही, गजीवाली."

असा शब्द वाडीत याआधी कुणी बोललेलं नाही. गजीवाले असतात, गजीवाली नसते. अंकितानं तो एक एक अक्षर करत लिहिला. तुम्हाला पडद्यावर दिसायच्या आधी प्रत्येक अक्षर माझ्याकडे येतं, त्यामुळे ती किती सावकाश लिहीत होती ते मला कळलं. धुळा घोंगड्यावरून उठला, चष्मा लावला आणि पडद्याला बोट टेकवून त्या शब्दाखालून शेवटपर्यंत नेलं.

"बराबर हाय," तो म्हणाला. "आता पाठव."